वरच्या मजल्याच्या खिडक्या

माझी आई ओब्दुलिया पन्नास वर्षं त्या जुन्या कॉलेजच्या वाटेला गेली नाही. बाजाराला जायचं तरी ती चर्चच्या मागून वळसा घालायची. गेल्या ऑक्टोबरात डॉक्टरांनी मोतीबिंदू पिकत आल्याचं सांगितलं, त्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "एर्मिनिया, दिसतंय तोवर मला ते कॉलेज आतून दाखव."

एकोणीसशे छत्तीस सालच्या ऑगस्टमध्ये माझ्या वडिलांना पकडून नेलं, तेव्हा मी सहा वर्षांची होते. ते छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. संपाची पत्रकं त्यांनी छापली होती, एवढाच गुन्हा. देशात यादवी युद्ध पेटलं होतं, विद्यार्थी पांगले होते आणि चारशे वर्षांच्या त्या कॉलेजचा तुरुंग झाला होता. दर गुरुवारी आई धुतलेल्या कपड्यांची टोपली दारावर द्यायची आणि मळके कपडे घेऊन यायची. एकदा सदऱ्याच्या कॉलरमध्ये चिठ्ठी निघाली. वडिलांनी लिहिलं होतं, की वरच्या खिडकीतून तू मला दिसतेस, निळी शाल लांबूनही ओळखू येते.

मग टोपली दिल्यावरही आई तास-तासभर समोर उभी राहू लागली. वडिलांना नेलं तेव्हा माझा भाऊ कोस्मे तिच्या पोटात होता. तो जन्मला आणि डिसेंबरात, बर्फ पडत असताना, ती त्यालाही नेऊ लागली. तोंडावरचं दुपटं सारून त्याला दोन्ही हातांनी उंच धरायची. शेजारणी रागवल्या, पण ती कुणाचं ऐकेना. नाताळच्या आठवड्यात त्याची छाती भरली. चार दिवसांत तो गेला.

पुढच्या गुरुवारी मी तिच्याबरोबर होते. निघताना तिने उशी दुपट्यात गुंडाळली आणि तिथे पोचल्यावर नेहमीसारखी उंच धरली. आत बसलेल्या माणसाला कळू नये म्हणून. असे तीन गुरुवार गेले. चौथ्या गुरुवारी टोपली जशीच्या तशी परत आली, घडी न मोडलेल्या कपड्यांसकट. शिपाई म्हणाला, आता आणू नका. वडिलांना कुठे पुरलं, ते आम्हाला अजून ठाऊक नाही.

आता त्या इमारतीत ग्रंथालय आहे. ते सांभाळणाऱ्या कासिल्दाबाई माझ्या ओळखीच्या, म्हणून आम्ही रविवारी गेलो. आईने ठेवणीतले काळे कपडे घातले होते, कानात मोत्याच्या कुड्या. दगडी जिना ती कठड्याला धरून, तीनदा टेकत चढली. वर गेल्यावर थेट रस्त्याकडच्या खिडकीशी गेली आणि खाली बघत राहिली.

"सगळं दिसतं की गं इथून," ती म्हणाली. तिचा चेहरा इतका खुललेला मी कधी पाहिला नव्हता. मग तिने कासिल्दाबाईंना विचारलं, कैदी कुठल्या कोपऱ्यात झोपत.

बिचाऱ्या बाईंना चिठ्ठीचं काय माहीत? त्यांनी सरळ सांगून टाकलं, "इथे नाही हो. कैदी खाली, अंगणापलीकडच्या हॉलमध्ये. हा मजला अधिकाऱ्यांचा, कैद्याला जिन्यावर पायसुद्धा ठेवू देत नसत. माझा काका होता ना कैद्यांत, जगून बाहेर आला. खालून अंगणातल्या विहिरीशिवाय काही दिसायचं नाही म्हणायचा."

मी घाईने म्हणाले, चौकशीसाठी कधी वर आणत असतील. पण आई ऐकत नव्हती.

"शाल माझ्याकडे एकच होती," ती हळूच म्हणाली. "त्याला काय, न बघताही ठाऊकच होतं." मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "मग ती उशी मी कुणाला दाखवत होते?"

मी कासिल्दाबाईंना चिठ्ठीचं आणि कोस्मेचं सांगितलं.

कासिल्दाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आई त्यांना म्हणाली, की तुमचा काय दोष, मला त्या हॉलमध्ये घेऊन चला.

हॉलमध्ये आता वर्ग भरतात. आई पहिल्याच बाकावर बसली, मी तिच्या मागे. तिने हात मांडीवर ठेवले आणि समोरच्या भिंतीशी बोलायला लागली, घरात नवऱ्याशी बोलावं तसं. पोराचे कान तुझ्यासारखे होते, म्हणाली. दूध पिताना माझं बोट घट्ट धरायचा. रडायचा कमी, बघायचा जास्त. बराच वेळ ती कोस्मेबद्दल सांगत होती. त्यातलं बरंचसं मीही पहिल्यांदाच ऐकत होते.

मग तिने वडिलांना नावाने हाक मारली.

"लिहायचंच होतं लेआंद्रो, तर थंडी आहे, येऊ नकोस, असं लिहायचंस."

उभ्या आयुष्यात तिने माझ्या वडिलांबद्दल वावगा शब्द काढला नव्हता. त्यांनी ते प्रेमाने लिहिलं, तुला धीर यावा म्हणून लिहिलं, असं मला म्हणायचं होतं. तोंडाशी आलंही. पण माझ्याही मनात तेच आलं होतं, जे ती बोलली होती. मी नुसता तिच्या खांद्यावर हात ठेवला. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो.