खळ्यावर आणलेली जीप

लताबाईच्या जीपचा सौदा सकाळीच ठरला होता. धुळ्याचा भंगारवाला पितांबर एसटीने येऊन ओट्यावर चहा पीत बसला होता. जीप ओढून न्यायला निघालेला त्याचा ट्रक भुसावळपर्यंत पोहोचला होता. गिअरबॉक्स गेला, असं सावद्याचे मेकॅनिक नूर महंमद यांनी सांगितलं आणि लताबाईच्या नवऱ्याने, लीलाधरने, मान डोलावली. उद्यापासून केळीच्या बागेत बायकांना न्यायला भाड्याचा टेम्पो येणार होता, ड्रायव्हरसकट. अठरा वर्षं जीप चालवलेल्या लताबाईला आता मागे फळीवर बसायचं होतं.

"नूरभाऊ, तेल नीट पाहिलं ना?" तिने पुन्हा विचारलं.

"अक्का, तीनदा पाहिलं. बूच काढलं, बोट घातलं. तेल काठाशी. जमिनीवर एक डागसुद्धा नाही."

"आता तुला गिअरबॉक्सही कळायला लागला?" लीलाधर म्हणाला.

"चालवते मी. तुम्ही शेजारी बसून डुलक्या घेता."

पितांबर कपाच्या आड हसला.

लताबाई जीपकडे बघत उभी राहिली. बॅटरी म्हातारी झाल्यापासून जीप दारापुढच्या उतारावर, तोंड खाली करून उभी असे. ब्रेक सोडायचा, गाडी घरंगळू द्यायची, क्लच सोडला की इंजिन सुरू. नूर महंमद यांनी तीनही वेळा तेल तिथेच पाहिलं होतं.

तिला चार दिवसांपासून एक गोष्ट टोचत होती. तापीच्या पुलाकडे उतरताना गिअर मुकाट चालत. परत येताना चढ लागला की रडत.

"नूरभाऊ, ते बूच गिअरबॉक्सच्या कुठल्या अंगाला?"

"पुढच्या."

"आणि गाडीचं तोंड खाली असलं की तेल कुठे जमा होतं?"

नूर महंमद यांनी उतारावर नजर फिरवली. जीपच्या पुढच्या चाकांकडे पाहिलं, मग मागच्या.

"खळ्यावर घ्या," ते म्हणाले.

लताबाईने जीप घरंगळत सुरू केली आणि वळसा घेऊन खळ्याच्या सिमेंटवर आणली. घरातून ताटली आणून तिने त्यात पाणी ओतलं आणि ती चाकांजवळ ठेवली. पाणी चारही बाजूंना सारखं उभं राहिलं. जागा सपाट होती.

"थंड होऊ द्या," नूर महंमद म्हणाले. "गरम तेल फुगतं, खोटं बोलतं."

"ट्रकवाल्याला काय सांगू?" पितांबरने विचारलं.

"थांब म्हणावं," लताबाई म्हणाली.

तासाभराने नूर महंमद गाडीखाली सरकले. बूच फिरवल्याचा आवाज आला.

"अक्का, बोट दुसऱ्या पेरापर्यंत घातलं. कोरडंच आहे."

मग त्यांनी वायर आत घालून टोकावर आलेलं तेल उन्हात दोन बोटांत चोळलं. लोखंडाचा एकही चमकता कण नव्हता. गिअरचे दात शाबूत होते. तेल अडवणाऱ्या मागच्या सीलमधून तेल चालत्या गाडीतच गळत होतं, उतारावर उभ्या गाडीतलं तेल पुढे बुचाकडे सरकायचं, म्हणून तिथे ते काठाशी दिसलं आणि दारात डाग पडला नव्हता.

"चूक माझी," ते लीलाधरला म्हणाले. "सील उद्या बदलतो. आज तेल भरू."

जवळजवळ लिटरभर तेल गेलं. बुचाच्या भोकातून ते काठोकाठ येऊन एक थेंब खाली पडला, तेव्हा त्यांनी बूच घट्ट केलं.

लताबाई स्टिअरिंगवर बसली. शेजारी नूर महंमद, मागे लीलाधर आणि पितांबर. पुलापर्यंत उतरून परतीच्या चढाला तिने दुसरा टाकला, मग तिसरा. सुरुवातीला बारीक कुरकुर आली, मग तीही थांबली. चढाच्या माथ्यावर नूर महंमद यांनी ऐकायला कानाशी धरलेला हात खाली घेतला.

"काय म्हणता?" तिने आरशातून मागे पाहून विचारलं.

लीलाधरने घसा साफ केला. "टेम्पोवाल्याला नको म्हणून सांगतो."

पितांबरने मोबाईल काढला. "अरे, ट्रक माघारी फिरव. गाडी चढ चढतेय. आणि मी तिच्यातच बसलोय."

"कुठे सोडू, पितांबरभाऊ?" लताबाईने विचारलं.

"सावद्याच्या स्टँडवर."

तिने चौथा टाकला.