यंदा डावा पाय

उजव्या पायाच्या अंगठ्यात मेणाचा दोरा ताणून धरत मोच्याने बुटाच्या टोकात लोकरीची गादी शिवून टाकली. दुकानाची फळी अर्धी ओढलेली होती. आत स्टुलावर चर्चमध्ये गाणाऱ्या क्वायरचे मास्तर बसले होते, डाव्या पायात मोजा आणि उजवा पाय वर्तमानपत्राखाली झाकलेला. त्या पायाची तीन बोटं दोन वर्षांपूर्वी मधुमेहाने खाल्ली. चर्चमध्ये कुणाला याचा पत्ता नव्हता. बहिणीकडे जाऊन आलो, असं मास्तरांनी तेव्हा सांगितलं होतं आणि मोच्याने तेव्हापासून तोंडाला कुलूप घातलं होतं.

"फादरनी बारा जणांत माझं नाव घातलंय," मास्तर म्हणाले. "तीस वर्षं क्वायर सांभाळला म्हणे."

मोच्याचा दोरा थांबला. पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात, प्रभूने शिष्यांचे धुतले तसे. इथे दरवर्षी उजवा पाय धुवायची रीत होती.

"नाही म्हणा ना, मास्तर."

"कारण काय सांगू? खरं सांगितलं, की झालं. बिचारे मास्तर, बिचारे मास्तर. बायका डबे घेऊन दारात." त्यांनी वर्तमानपत्र घट्ट दाबलं. "त्यापेक्षा मी चर्चचं तोंड बघणार नाही."

मास्तर बोलतील तसं करणारे होते. मोच्याला रात्रभर ते टोचत राहिलं. मास्तरांशिवायचा रविवार त्याच्या डोळ्यांपुढे येईना.

सकाळी तो फादरकडे गेला. फादर पितळी घंगाळ घासत बसले होते.

"फादर, यंदा सगळ्यांचा डावा पाय धुतला तर?"

"का रे? उजव्याने काय घोडं मारलं?"

मोचीही त्या बारा जणांत होता. "माझ्या उजव्या पायाला जखम झालीय," तो म्हणाला. "चिघळलीय. लोकांपुढे लाज वाटते." ज्या माणसापुढे आजवर पापांची कबुली दिली, त्याच्याच पुढे धडधडीत खोटं! त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"बघू."

"नको, फादर."

फादरनी त्याला जरा वेळ न्याहाळलं आणि पुन्हा घंगाळ घासायला घेतलं. "बरं. प्रभूने आधी कुठला पाय धुतला, ते काही कुणी लिहून ठेवलेलं नाही. यंदा डावा."

फादरनी कुणाला कारण सांगितलं नाही, पण घंगाळ उचलून ठेवायला आलेल्या झाडलोटीच्या बाईंनी सगळं ऐकलं होतं. बुधवारपर्यंत मोच्याचा पाय गावभर झाला. कुणी मलम आणून दिलं. कुणी दुरुस्तीला टाकलेल्या चपला तशाच परत नेल्या. आता माघार घेणं शक्य नव्हतं, म्हणून गुरुवारी त्याने पट्टी बांधली.

"अहो, चांगल्या पायाला पट्टी?" बायको म्हणाली. "त्यापेक्षा डोक्याला बांधा."

संध्याकाळी वेदीसमोरच्या बाकावर बारा जण बसले. मास्तर मोच्याच्या उजव्या हाताला होते. डावीकडचा पाववाला पट्टी बघून सरकला, नंतर आणखी सरकला. मधे एक माणूस बसेल एवढी जागा पडली. मोच्याने मान खाली घातली. आपणच ओढवून घेतलेलं, तरी ते लागलं.

मास्तरांनी ती रिकामी जागा पाहिली. मग पट्टीकडे पाहिलं. आठवड्यापूर्वीच तर याच अंगठ्यात दोरा ताणलेला त्यांनी समोर बसून पाहिला होता.

फादर घंगाळ घेऊन गुडघ्यांवर बसले. मास्तरांचा डावा पाय उघडा होता. तो त्यांनी मागे घेतला आणि वाकून उजव्या बुटाची नाडी सोडायला सुरुवात केली. गाठ लवकर सुटेना. मोजा निघाला. मागच्या बाकांवर कुजबुज उठली आणि विरली.

"हा?" फादरनी विचारलं.

"हाच."

फादरनी त्या दोन बोटांच्या पायावर पाणी ओतलं, पुसलं आणि ओठ टेकवले. मग ते मोच्यासमोर सरकले. त्याने डावा पाय पुढे केला, पण फादर पट्टीकडेच बघत राहिले.

मोची पट्टी सोडू लागला. चांगली लांबलचक बांधली होती, संपता संपेना. शेवटचा वेढा सुटला आणि खालून धडधाकट पाय निघाला, अंगठ्यावर दोऱ्याचा जुना वळ तेवढा होता. पाववाला डोळे फाडून बघत होता.

"फार लवकर भरली की रे जखम," फादर हळूच म्हणाले.

मोच्याने शेजारी पाहिलं. मास्तरांनी पाय झाकला नव्हता. तसाच गार फरशीवर टेकून ते मागे वळले होते आणि खोळंबलेल्या क्वायरला हाताने सूर दाखवत होते.

"आत्ताच भरली, फादर."