वन्संचे तारे

निघायच्या दोन दिवस आधी नवऱ्याच्या कमरेत उसण भरली. काही जड उचलताना नव्हे, ट्रायपॉडच्या पिशवीची चेन लावताना. तो वाकला होता तसाच राहिला, आणि तशाच अवस्थेत त्याने बहिणीला फोन लावून द्यायला सांगितलं. वाळवंटात तीन रात्री राहून आकाशाचे फोटो काढायला शिकवणारा एक वर्ग होता आणि दोघा बहीणभावांनी त्यात चार महिन्यांपूर्वीच नावं घातली होती. बहिणीने सगळं ऐकून घेतलं, कमरेची चौकशी केली नाही, आणि एवढंच म्हटलं, "मग हिला पाठव."

ही म्हणजे त्याची बायको. चौकातल्या चष्म्याच्या दुकानात ती सव्वीस वर्षं डोळ्यांचे नंबर काढत होती, म्हणून अख्खा रस्ता तिला नंबरबाई म्हणायचा. तिला आकाशाचं वावडं नव्हतं, पण ओढही नव्हती. दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत सहा मीटरवर अक्षरांचा तक्ता टांगलेला होता. त्यापलीकडे बघायची वेळ तिच्यावर फारशी आलीच नव्हती.

नणंद सहासष्ट वर्षांची, भावापेक्षा चार वर्षांनी मोठी. चौतीस वर्षं भूमिती शिकवून निवृत्त झालेली. निवृत्तीच्या दिवशी मिळालेल्या घड्याळाकडे ढुंकूनही न बघता त्यांनी कॅमेरा घेतला होता. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी नंबरबाईने घडी घातलेली चादर उलगडली होती आणि पुन्हा काटकोनात घालून दाखवली होती. तेव्हापासून नंबरबाई वन्संसमोर कशाचीच घडी घालत नसे. एकोणतीस वर्षांत दोघींचं भांडण असं कधी झालं नाही. भांडायला आधी बोलावं लागतं.

गाडी वन्संची होती आणि वन्संच चालवत होत्या. सहा तासांचा रस्ता. पहिले दोन तास शेतं, मग काटेरी झुडपं, मग नुसतीच माती. वन्सं खुशीत होत्या.

"माझा जवळचा चष्मा सुटला, सांगितलं का तुला?" त्या म्हणाल्या. "वर्षभर झालं. पेपर वाचते, सुईत दोरा ओवते. चष्मा कपाटात पडलाय. या वयात नंबर जातो कुणाचा?"

नंबरबाईने "हो का" म्हटलं. या वयात जवळचा चष्मा आपोआप सुटणारी माणसं तिच्या दुकानात महिन्याला दोन तरी येत. वारसाहक्काने घर मिळाल्यासारखी हसत येत, आणि ती त्यांना हळूच सांगे, की डोळ्यात मोतीबिंदू पिकायला लागला की जवळचं काही दिवस असंच छान दिसतं, लांबचं जातं. मग ती हसायची थांबत.

पण गिऱ्हाइकाला सांगणं वेगळं आणि वन्संना सांगणं वेगळं. शिवाय त्या क्षणी वन्संच्या हातात स्टिअरिंग होतं. पुढच्या वळणावर त्यांनी "केवढी दाट झुडपं" म्हटलं आणि झुडपं रस्ता ओलांडायला लागली तेव्हा ब्रेक लावला. शेळ्या होत्या. शेळ्यांमागचा माणूस काही बोलला. काच बंद असल्याने ऐकू आलं नाही. त्यानंतर नंबरबाई रस्त्यावरची प्रत्येक पाटी, प्रत्येक गाडी आणि प्रत्येक जनावर मोठ्याने सांगत राहिली. वन्संनी विचारलं, तुला अशी सवय कधीपासून लागली? वेळ जातो, असं ती म्हणाली.

उतरायची जागा म्हणजे एका ओळीत सात खोल्या, एक जेवणाची खोली आणि पुढे क्षितिजापर्यंत काहीच नाही. शिकवणारे मास्तर पूर्वी हवामान खात्यात होते. कपाळाला लाल दिवा बांधून ते सगळ्यांसमोर उभे राहिले आणि त्यांनी नियम सांगितला. नियम एकच होता. अंधार पडल्यावर पांढरा दिवा लावायचा नाही. टॉर्च नाही, फोन नाही, काडी नाही. लाल चालेल. पांढऱ्या दिव्याने डोळे अर्धा तास मागे जातात आणि शेजाऱ्याचा फोटो कायमचा जातो. वर्गात दातांचे एक डॉक्टर होते, एक नवं जोडपं होतं आणि या दोघी. सगळ्यांनी मान डोलावली. वन्संनी वहीत लिहून अधोरेखित केलं, पट्टी लावून.

पहिल्या रात्री थंडी अशी होती की बोटं आपली आहेत हे हलवून पाहावं लागत होतं. मास्तरांनी शिकवलं ते सोपं होतं. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवायचा, झडप वीस सेकंद उघडी ठेवायची, तेवढा वेळ हात लावायचा नाही. कठीण गोष्ट एकच, फोकस. अंधारात कॅमेऱ्याला आपोआप काही सापडत नाही. एक ठळक तारा धरायचा, मागच्या पडद्यावर तो मोठा करायचा आणि लेन्सचं कडं हळूहळू फिरवत तो लहानात लहान ठिपका होईपर्यंत थांबायचं.

नंबरबाईने नवऱ्याच्या कॅमेऱ्याचं कडं धरलं. थोडं डावीकडे, तारा पसरला. थोडं उजवीकडे, आवळला. अजून थोडं, पुन्हा पसरला. हे की ते? ते की हे? सव्वीस वर्षं ती लोकांना दिवसातून शंभरदा हेच विचारत होती. आज पहिल्यांदा उत्तरही तिलाच द्यायचं होतं. चौथ्या फेरीला तारा टाचणीच्या टोकाएवढा झाला आणि तिने हात काढून घेतला. मास्तरांनी येऊन पाहिलं आणि दातांच्या डॉक्टरांना हिच्याकडे बघायला पाठवलं.

वन्संनी पडदा वापरला नाही. पडदा बघायचा तर घरी टीव्ही काय वाईट होता, असं त्यांचं म्हणणं. त्या वरच्या छोट्या खिडकीला डोळा लावूनच कडं फिरवत होत्या. मास्तरांनी एकदा त्यांचा फोकस नीट लावून दिला. ते गेल्यावर वन्संनी तो पुन्हा सुधारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेवणाच्या खोलीत खिडक्या झाकून, भिंतीवर चादर लावून सगळ्यांचे फोटो दाखवले. वन्संच्या फोटोची मांडणी इतकी नेमकी होती की मास्तर खुर्चीतून उठले. एक एकटा खडक, त्याच्या टोकावरून तिरका चढत गेलेला आकाशगंगेचा पट्टा. फक्त तारे शर्टाच्या बटणांएवढे होते. मग नंबरबाईचा फोटो आला. त्यात खडक अर्धा कापला गेला होता, पण तारे सुईने टोचल्यासारखे.

"दोन्ही सारखेच आलेत," वन्सं मागच्या रांगेतून म्हणाल्या. "चादर सुरकुतलीय, त्यामुळे असं दिसतंय. नीट ताणून बांधा."

नंबरबाईच्या हातातला चहा तसाच निवला. तिने दुपारी नवऱ्याला फोन केला. त्याने सगळं ऐकून सांगितलं, की तू ताईला काही बोलू नकोस, ती ऐकायची नाही. आणि परत येताना जरा जपून या. जपून म्हणजे कसं, हे त्याने सांगितलं नाही. त्याला कूस बदलायची होती.

दुसऱ्या रात्री सगळे पुन्हा बाहेर पडले. नव्या जोडप्याने दीड तासाचा एकच फोटो लावला होता. ध्रुवताऱ्याभोवती बाकीचे तारे फिरताना त्यांच्या रेघा उमटतात, तो. ते दोघं कॅमेऱ्याशेजारी एका पांघरुणात श्वास रोखून बसले होते. नंबरबाई वन्संजवळ गेली. सप्तर्षींच्या शेपटातल्या मधल्या ताऱ्याच्या जागी किती तारे दिसतात, असं तिने विचारलं.

"दोन. वसिष्ठ आणि अरुंधती," वन्सं आकाशाकडे न बघता म्हणाल्या.

"दिसतात किती, वन्सं?"

"असतात दोन म्हटल्यावर दिसणार दोनच."

मग नंबरबाईने आपल्या आणि वन्संच्या कॅमेऱ्यावरचे फोटो शेजारीशेजारी धरले, दोन्ही मोठे केले आणि वन्संच्या नाकासमोर नेले. जवळचं त्यांना दिसत होतंच. वन्संनी हे पाहिलं, ते पाहिलं. पुन्हा हे पाहिलं. वाऱ्याने ट्रायपॉडची दोरी वाजत होती.

"मला वाटायचं, हल्लीचे दिवेच असे आहेत," वन्सं म्हणाल्या. "समोरच्या गाड्यांना मिश्या फुटतात. मी नगरपालिकेला पत्रसुद्धा लिहिलंय."

"मला डोळे बघू द्या."

"इथे?"

इथेच बघणं सोयीचं होतं, हे नंबरबाईने समजावलं. डॉक्टरांकडे थेंब घालून तासभर बसवतात तेव्हा बाहुली मोठी होते. इथे तीन तासांच्या अंधाराने ती आधीच होऊन बसली होती. फक्त उजेडाने ती आवळायच्या आत, पहिल्या सेकंदात बघावं लागणार होतं. ती जे म्हणत होती ते शंभर टक्के बरोबर होतं, आणि त्या तंद्रीत तिने फोनचा टॉर्च लावला.

पांढरा उजेड वन्संच्या तोंडावर पडला, खडकावर पडला, आणि सगळ्या वाळवंटावर पडल्यासारखा वाटला. दोन्ही बाहुल्यांच्या मागे साबणाच्या पाण्यासारखं करडं धुकं होतं, उजवीकडे जास्त. नंबरबाईने टॉर्च बंद केला. अंधारात चार माणसं एकदम उभी राहिल्याचा आवाज आला.

मास्तर आले. ते ओरडले नाहीत. त्यांनी नियम पुन्हा एकदा, पहिल्या दिवसाच्याच शब्दांत सांगितला. नव्या जोडप्यातली मुलगी म्हणाली, की एक तास बावीस मिनिटं झाली होती. नंबरबाईला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. जमीन मैलोन् मैल रिकामी होती, पण कुठे दुभंगली नाही.

तेव्हा वन्सं पुढे झाल्या. चौतीस वर्षं पन्नास मुलांचा वर्ग गप्प करणाऱ्या आवाजात त्यांनी सांगितलं, की वैद्यकीय तपासणी चालू होती, ती आवश्यक होती, ती तपासणी करणारी बाई आपल्या कामात वाकबगार आहे, आणि कुणाला तक्रार असेल तर त्यांच्याकडे करावी. कुणाला नव्हती. मुलीने नवा फोटो लावला.

खोलीत परतल्यावर वन्सं कॉटवर बसून राहिल्या.

"दोन्हीकडे?"

"दोन्हीकडे. पण साधं ऑपरेशन असतं. आधी एक, मग दुसरा."

"आणि तोपर्यंत?"

"परत जाताना गाडी मी चालवणार."

"तुला येते?"

"लायसन्स आहे."

"लायसन्स माझ्याकडेही आहे," वन्सं म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने त्यांनी पर्समधून किल्ली काढून मधल्या स्टुलावर ठेवली. मग उशी भिंतीकडे घेऊन झोपल्या. त्या झोपल्या नव्हत्या, हे नंबरबाईला कळत होतं. तीही झोपली नव्हती.

तिसऱ्या रात्री दोघींनी एकच कॅमेरा लावला. वन्सं दिवसाउजेडी पावलं मोजून आल्या होत्या. कॅमेरा खडकापासून किती लांब, किती खाली, आकाशगंगेचा पट्टा किती वाजता टोकावर टेकणार, सगळं वहीत आकृतीसकट होतं. नंबरबाईने तिथे नेऊन ट्रायपॉड ठेवला. चार बोटं डावीकडे, असं वन्सं म्हणाल्या. तिने ठेवला. मग वन्सं बाजूला झाल्या आणि नंबरबाईने तारा धरून कडं फिरवलं. वन्सं शेजारी उभ्या राहून विचारत होत्या, आता? आता? आणि आता? शेवटी ती म्हणाली, आता. वीस सेकंद दोघी गप्प उभ्या राहिल्या. पडद्यावर आलेलं वन्संनी अगदी डोळ्यांजवळ धरून पाहिलं आणि ठीक आहे म्हणाल्या. वन्संच्या तोंडून नंबरबाईने हे शब्द स्वतःच्या संदर्भात पहिल्यांदाच ऐकले.

परतीला नऊ तास लागले. नंबरबाईने अकरा वर्षांत गाडी हातात धरली नव्हती. चाळिसाच्या वर काटा गेला नाही. एका सायकलवाल्याने त्यांना दोनदा मागे टाकलं, मध्ये तो चहाला थांबला होता. वन्संनी गिअर, क्लच, आरसा आणि वळण घेण्याची पद्धत यांवर सविस्तर मत दिलं. तिसऱ्या तासाला नंबरबाई म्हणाली, "वन्सं, तुम्हाला रस्ता दिसत नाही." वन्सं हसल्या. मोठ्याने, खांदे हलवून. नंबरबाईला इतकं आश्चर्य वाटलं की गाडी बंद पडली.

पंधरा दिवसांनी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढली तेव्हा नंबरबाई समोर उभी होती. वन्संनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "तुझे केस कधी पिकले?" मग भिंतीचा रंग पिवळा नसून पांढरा आहे, हे त्यांनी नर्सला सांगितलं. नर्सला ते माहीत होतं.

दुसरा डोळाही झाल्यावर वन्सं कॉम्प्युटरसमोर बसल्या आणि त्यांनी गेल्या दोन वर्षांतले आठशेहून जास्त फोटो एकेक करून मोठे करून पाहिले. जेवायलाही उठल्या नाहीत. संध्याकाळी नंबरबाई त्यांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालायला गेली, तेव्हा बाकीचे पुसून टाकून त्यांनी फक्त बारा ठेवले होते. त्यातला एक वाळवंटातला दोघींचा होता. उरलेल्या अकरांतही तारे पसरलेलेच होते, पण त्या अकरा रात्री वारा फार होता, असं वन्संनी स्पष्ट केलं. नंबरबाईने मान डोलावली आणि त्यांना डोकं मागे टेकायला सांगितलं.