डब्याचं लिंकिंग

"ताई, खरं सांगा, डबे कोनाले इकले?"

खेळणाऱ्यांच्या ग्रुपवर बादलचा हा मेसेज पडला आणि वैष्णवीच्या डोक्यात तिडीक गेली. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर तिनं दोन शिव्या हासडून विषय संपवला असता. पण बादल राठोड तिच्या दुकानाचं पहिलं गिऱ्हाईक. मानोऱ्याजवळच्या तांड्यावरचा, सोयाबीन-तूर करणारा. पुण्यात खेळण्यांच्या गोदामात काम करायला गेला तेव्हा त्याला हा नाद लागला, आणि गावी परतल्यावरही सुटला नाही.

खेळ असा. अंगठ्याएवढे प्लास्टिकचे शिपाई डब्यातून सुटे येतात. ते कापायचे, चिकटवायचे, बारीक ब्रशनं रंगवायचे, आणि टेबलावर टेकड्या मांडून फासे टाकत लढाई करायची. वैष्णवी हे अमरावतीला इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर शिकली. डिग्री मिळाली, नोकरी मिळाली नाही. मग तिनं बापाच्या, म्हणजे जानरावच्या, मानोऱ्यातल्या कृषी केंद्राचा मागचा अर्धा भाग मागून घेतला. पुढे खत-बियाणं, मागे शिपाई. "जानरावची पोट्टी बाहुल्या इकते," म्हणून बाजारपेठ पोट धरून हसली. पण दर रविवारी कारंज्याहून, दिग्रसहून पोरं येऊ लागली.

येत होती ती एकाच गोष्टीवर. नवा डबा निघाला की ऑनलाइनवाले 'संपला' म्हणतात आणि आठवड्यानं तोच डबा चढ्या भावानं बाहेर काढतात. वैष्णवीकडे ज्यानं आधी नाव सांगितलं त्याला आधी. दडवादडवी नाही. दुकानात दुसरं भांडवल नव्हतंच. हे नाव गेलं तर शटर ओढून घरी बसायचं.

आता नव्या घोडदळाचा डबा निघाला होता. देशभर फोटो फिरत होते. बादलचं नाव सगळ्यात आधी, अमरावतीची स्पर्धा तोंडावर, आणि वैष्णवीच्या फळीवर एकही डबा नाही.

दुपारी वितरकाचा माणूस आला. अकोल्याचा राजू. काखेत बॅग, तोंडात बडीशेप. खताच्या थप्पीला टेकून उभा राहिला.

"मॅडम, घोडदळ हाय. पन तुमी सांगतले तेवढे नाई. दोन देतो."

"बाकीचे?"

"बाकीचे मोठ्या शहरात. तिकडचे दुकानदार लय माल उचलतात." राजूनं बॅगेतून एक धुळकट डबा काढला. वर दोन डोक्यांचे राक्षस. "अन् त्या दोघायसाठी हे पेटीभर घ्या लागते."

तो राक्षसांचा डबा वैष्णवी ओळखत होती. त्याचा खेळ कंपनीनंच बंद केला होता. कुत्रं हुंगत नव्हतं.

"हे सडेल माल मी कोनाच्या गळ्यात मारू?"

"तो तुमचा प्रश्न हाय."

वैष्णवीला बादलचा मेसेज आठवला. तिनं मोबाइल काढून सरळ त्याच्या तोंडासमोर धरला. "बोला. पुन्हा बोला. माह्ये लोक मले चोर म्हनून राह्यले. त्याइले कळू द्या कोन चोर हाय."

राजूही निगरगट्ट. कॅमेऱ्यात बघून हसला. "घ्या शूटिंग. नवीन माल पाह्यजे तं जुना उचलाच लागते. लिंकिंग हाय मॅडम, सगळीकडं हाय." मग त्यानं पुढच्या काउंटरकडं हनुवटी उडवली. "तुमच्या बाबानं आत्ताच त्या मानसाले डीएपीच्या थैलीसंगं झिंकची बाटली देली ना? नाई घेतली तं थैली नाई म्हने. तेच मी करून राह्यलो. मंग मलेच कायले शिव्या?"

वैष्णवीनं मोबाइल खाली केला. काउंटरवर जानराव दुसऱ्या शेतकऱ्याला तसलीच फवारणीची बाटली कागदात गुंडाळून देत होता.

"निघा," ती राजूला म्हणाली. "दोन बी नको."

"नका घेऊ. यादीतून नाव जाईन मंग."

तो गेला. वैष्णवी मागच्या टेबलाशी बसली. व्हिडिओ ग्रुपवर टाकायचा होता, पण पूर्ण टाकला तर बापाचं काय? तिनं बोटानं शेवट ओढला. 'सगळीकडं हाय' एवढ्यावर व्हिडिओ संपला. बाटलीचं वाक्य कापलं. टाकला.

डबे तिनं दडवले नव्हते. वाक्य दडवलं.

बादलला व्हिडिओ पाहून मेल्याहून मेल्यासारखं झालं. 'ताई, माफ करा, चुकलो,' असं त्यानं लिहिलं. आणि तेवढ्यानं पोट भरलं नाही म्हणून पठ्ठ्यानं तो व्हिडिओ आपल्याला माहीत असलेल्या सगळ्या ग्रुपांवर ढकलला. वर लिहिलं, 'मानोऱ्यात लिंकिंग. पुरावा पाहा.' त्याला ताईंचं नाव धुऊन काढायचं होतं. पण आपल्याकडं खेळण्यांचं लिंकिंग कोणाला ठाऊक? राजूच्या पाठीमागं डीएपी खताच्या थैल्यांची थप्पी छतापर्यंत दिसत होती, आणि 'नवीन माल पाह्यजे तं जुना उचलाच लागते' ऐकून शेतकऱ्यांच्या ग्रुपांना आग लागली. खताच्या टंचाईत ऐन पेरणीवर लोक आधीच भडकलेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कृषी विभागाची गाडी दारात उभी.

निरीक्षक उतरले. मागून बघ्यांची गर्दी उतरली, तिला काय, यायला गाडी लागत नाही. जानरावच्या कपाळाला घाम सुटला. खत घ्यायला आलेला बादलही नेमका तिथंच, एका खांद्यावर डीएपीची थैली, दुसऱ्या हातात झिंकची बाटली.

"व्हिडिओ याच दुकानातला ना?" निरीक्षकांनी विचारलं. "खतात लिंकिंगला बंदी आहे. लायसनचा प्रश्न आहे, जानराव. नीट सांगा."

"साहेब, तो पोट्टीचा मामला हाय! वैष्णवी, सांग व यायले!"

वैष्णवी राक्षसांचा डबा घेऊन पुढे आली. राजू तो टेबलावरच टाकून गेला होता. डबा फोडून तिनं दोन डोक्यांचा राक्षस निरीक्षकांच्या तळहातावर ठेवला आणि सगळं सांगितलं.

निरीक्षकांनी राक्षस उलटापालटा करून पाहिला. आधी मिशी हलली, मग ते खो खो हसले. गर्दी हसली. "याचं लिंकिंग? अहो ताई, हे कोणत्या खात्यात येतं ते मलाही माहीत नाही!"

"पोरखेळ हाय साहेब, पोरखेळ," जानराव रुमालानं मान पुसत म्हणाला. "चहा सांगतो."

राक्षस काउंटरवर ठेवून निरीक्षक निघालेच होते. जाता जाता सवयीनं बादलला विचारलं, "काय हो, खतासंगं काही घ्या म्हणतात का इथं?"

बादलनं बाटलीकडं पाहिलं. मग वैष्णवीकडं. कालच ताईंना चोर म्हटलं होतं, आज तिच्या बापाला म्हणायचं?

"नाई साहेब," तो म्हणाला. "बाटली मीच मांगतली."

जानरावनं श्वास सोडला. वैष्णवीला मात्र गरम सळई लागल्यासारखं झालं. हा माणूस तिच्यासाठी खोटं बोलला होता. आपल्या रानाला नको असलेली बाटली उरावर घेऊन बोलला होता. आणि रविवारी त्याच तोंडासमोर बसून ती म्हणणार होती, आपल्याकडं दडवादडवी नाही?

"त्यानं नाई मांगतली," वैष्णवी म्हणाली.

"वैष्णवी!" जानराव ओरडला.

"बाबा, तुमाले कंपनी ह्या बाटल्या गळ्यात मारते, मले बी ठाऊक हाय. मले राजू मारते. मंग आपन बी मारत राह्याचं का?"

"पागल झाली काय व? लायसन जाईन! चूल काय तुह्या बाहुल्यायवर पेटन?"

"नाई पेटत. पन हे खोटं मले बादलच्या तोंडून नाई पाह्यजे."

तिनं मोबाइल काढला. ग्रुपवर टाकलेला नाही, मूळचा अख्खा व्हिडिओ लावला आणि आवाज पुरा वाढवला. राजूचं हसू दुकानभर घुमलं. तुमच्या बाबानं आत्ताच त्या मानसाले. डीएपीच्या थैलीसंगं. नाई घेतली तं थैली नाई.

बाहेर कोणी हसलं नाही.

जानराव खुर्चीत बसला. पोरीकडं पाहिलंसुद्धा नाही. बादलनं थैली खाली उतरवली आणि बाटली काउंटरवर ठेवली, राक्षसाच्या शेजारी. गर्दीतून अजून एक हात पुढे आला, त्याही हातात बाटली. मग अजून एक.

निरीक्षक दारातून परत फिरले. त्यांच्या तोंडावरचं हसू गेलं होतं. "ताई, तुमच्या डब्याचं मी काहीच करू शकत नाही हो."

"मले ठाऊक हाय," वैष्णवी म्हणाली. "जे तुमच्या खात्यात येते, ते तं करा."