सासरेबुवांना मिळालेले नऊ गुण

सासऱ्याच्या कारखान्यात नोकरी धरली की जावयाची दोन्हीकडून पंचाईत. चुकला तर नोकर, आणि चांगलं काम केलं तर "घरचाच तर आहे!" आपला हा जावई बिजागऱ्यांच्या कारखान्यात मेल-सर्व्हर सांभाळायचा. सर्व्हर म्हणजे जिन्याखालच्या कोठडीतला एक घरघरणारा डबा. त्यात रोज चारशे मेल यायचे, पैकी साडेतीनशे लॉटरीचे, टकलावरच्या औषधाचे आणि कुणा अनोळखी मयताच्या इस्टेटीचे. गेल्या आठवड्यात एका मोठ्या गिऱ्हाइकाची ऑर्डर त्या ढिगाऱ्यात गाडली गेली आणि सासरेबुवांचं डोकं फिरलं.

"जावईबापू, सोमवारपर्यंत हा उकिरडा बंद झाला पाहिजे. नाहीतर तुम्ही परत पॅकिंगला, मेहुण्याच्या हाताखाली."

मेहुण्याच्या हाताखाली! त्यापेक्षा उपाशी राहणं परवडलं. जावयानं कंबर कसली आणि सर्व्हरवर स्पॅमची गाळणी बसवली.

गाळणी तशी हुशार, पण तिला शिकवावं लागतं. ती प्रत्येक मेलला गुण देते आणि पाच गुण झाले की मेल कचऱ्यात. मात्र नको असलेले दोनशे आणि हवे असलेले दोनशे मेल दाखवल्याशिवाय तिला अक्कल येत नाही. एकटा माणूस कुठवर दाखवणार? म्हणून त्यानं साहेब सोडून ऑफिसातल्या चौदाही जणांना गोळा करून सांगितलं, "जो मेल बघून कपाळाला आठी पडेल, तो 'कचरा' फोल्डरमध्ये ढकला. कोणी काय ढकललं ते मी बघणार नाही, शब्द देतो."

हा शब्दच नडला. कारण सासरेबुवांना एक सवय होती. रोज सकाळी आठच्या ठोक्याला ते सगळ्यांना 'चार शब्द' पाठवायचे. चार कसले, चारशे! त्यात शिस्त असायची, कष्ट असायचे आणि 'मी तुमच्या वयाचा असताना' तर हमखास असायचं. अकरा वर्षं हे चाललं होतं.

सोमवार उजाडला. मेलबॉक्स कसे लख्ख! लोकांनी जावयाची पाठ थोपटली. तेवढ्यात शिपाई धापा टाकत आला. "साहेबांनी आजच्या 'चार शब्दां'तच दहाची मीटिंग बोलावली होती. वीस मिनिटं एकटेच बसलेत. तुम्हाला बोलावलंय."

जावई आधी कोठडीत पळाला, कचरा उपसला, आणि बघतो तर काय, लॉटरीला सात गुण आणि सासऱ्याला नऊ! अजून वेळ होता. एक ओळ लिहिली की साहेबांचे सगळे मेल बिनतपासणी आत आले असते. त्यानं कीबोर्डवर बोटं ठेवली, तोच मागून आवाज आला.

"हे नऊ कसले?"

"पहिला नंबर आहे, बाबा."

क्षणभर सासरेबुवांची छाती फुगली. मग त्यांनी चष्मा नाकावर सरकवून वरची 'कचरा' ही ओळ वाचली आणि ते मटकन खोक्यावर बसले.

"कोणी शिकवलं हिला हे?"

"सगळ्यांनी."

"तुम्हीसुद्धा?"

"सहा वेळा."

"आणि आमच्या हिनं?" सासूबाई कारखान्यातलं डिस्पॅच, म्हणजे माल रवाना करायचं काम, बघायच्या.

"ते मी बघणार नाही असा शब्द दिलाय, बाबा."

"रोज सहाला उठून लिहितो हो मी," सासरेबुवा म्हणाले. जावयाला खरोखर वाईट वाटलं. पॅकिंगची भीतीसुद्धा तो विसरला.

"बाबा, एक ओळ लिहितो. मग तुम्हाला कोणी अडवणार नाही."

"वशिला नको!" सासरेबुवा ताडकन उठले. "सरका तिकडे. मी पास होऊन दाखवतो."

त्यांनी आपला मेल उघडला. 'मी तुमच्या वयाचा असताना' खोडलं, नवाचे सात झाले. शिस्त गेली, सहा. 'कष्टाला पर्याय नाही' यावर बोट अडलं.

"हे राहू द्या ना."

"मी कोण ठेवणारा, बाबा? तिला विचारा."

तेही गेलं. शेवटी एवढंच उरलं: 'दहाची मीटिंग राहिली. आता या. चहा आहे.' गुण दीड. मेल सुटला.

दोन मिनिटांत वर खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. आणि पाठोपाठ पडद्यावर एक उत्तर आलं, डिस्पॅचमधून.

'अहो, एवढंच? तब्येत बरी आहे ना?'

सासरेबुवांनी ते दोनदा वाचलं. अकरा वर्षांत त्यांच्या मेलला आलेलं हे पहिलं उत्तर होतं.

"पॅकिंगला दुसरा कोणीतरी बघू," ते डोळे पुसत म्हणाले. "तुम्ही इथंच बसा. आणि आमच्या हिला काय उत्तर लिहू ते सांगा. थोडक्यात."