तांड्यानं पाळलेला तास

राखीनं खडूनं दारावर वेळ लिहिली, अकरा ते बारा, आणि खाली एक मिटलेलं तोंड काढलं. तिच्या याडीला, म्हणजे आईला, हंसाबाईला, अक्षर वाचता येत नव्हतं. तोंड मात्र कळलं.

"म्हणजे कोणी बोलाचं नाई?"

"बोलाचं नाई, हाक माराची नाई. मागच्या पेपराले तू काय केलं, आठवते ना?"

हंसाबाईला ते आठवत होतं, आणि आठवलं की घास उतरत नव्हता. पोरीचा पेपर चालू होता आणि ती दारातून एवढंच म्हणाली होती, "बाई, भाकर खाऊन घे." मोबाइलवर लाल अक्षरं उमटली. दुसऱ्या व्यक्तीचा आवाज आढळला, परीक्षा बंद.

दूरच्या एका कॉलेजची ही घरबसल्याची पदवी. प्रवेशाआधी पंधरा दिवसांचा तयारीचा वर्ग, आणि त्याची परीक्षा कॅमेऱ्यासमोर. संधी दोनच. एक त्या भाकरीत गेली होती. बाप धावजी कडू नव्हता, पण त्याचा शब्द ठरलेला होता. "नंबर लागला तर शिक. नाई लागला तर दिवाळीनंतर आमच्यासंग ऊस तोडाले चाल. घरी एकटी ठेवत नाई मी तुले."

ऊस म्हटलं की राखीला निशिगंधा दिसायची. तिच्या कोकिळाफुफीची, म्हणजे धावजीच्या बहिणीची, एकुलती लेक. दोघी एकाच वयाच्या, बारावीही एकाच वर्षीची. ती यंदा आईसोबत ऊसतोडीला गेली. माघात तिला ताप भरला. तीन दिवस ती खोपटात पडून होती. ट्रॅक्टर मोकळा झाला तेव्हा दवाखाना फार लांब राहिला होता. तिला तिकडेच, परक्या मातीत, अग्नी दिला. तेव्हापासून फुफी माहेरी आलीच नव्हती.

राखीनं तयारीचा एकेक धडा गिरवला होता. अभ्यासाची जागा ठरवा: तिनं सोयाबीनच्या रिकाम्या पोत्यांची खोली झाडून घेतली. वेळ ठरवा, फोन बंद ठेवा, घरच्यांना विश्वासात घ्या. हा शेवटचा धडा हंसाबाईनं अंगावर घेतला. ती घरोघर फिरली, तांड्याच्या प्रमुखाच्या, नायकाच्या ओट्यापासून शेवटच्या खोपीपर्यंत. म्हातारा खेमसिंग हसला.

"पेपर तिचा अन् उपास आमच्या तोंडाले?"

"एक तास, काका. तुमची तंबाखू बी आवाज न करता चोळजा."

अकराला खरंच तांडा मिटला. कुत्री दोरीला बांधली. पाळण्यातल्या लेकरांना पाजून निजवलं. शेळ्या पल्याड हाकलल्या. चक्की थांबली. उन्हाळ्याच्या उन्हात तांडा असा उभा होता, जणू कोणाच्या तरी येण्याकडं कान लावून आहे. धावजी तांड्याच्या तोंडाशी कडुनिंबाखाली बसला, कोणी आलंच तर थांबवायला.

आणि आली ती त्याची बहीण.

ढाणकीकडून पहाटेच निघालेली, उमरखेड, पुसद, दिग्रस, तीन गाड्या बदलून दारव्ह्याला, तिथून जीपनं फाट्यापर्यंत, पुढं पायी. भाऊ दिसला तशी ती भरभर पुढं आली.

तांड्याची रीत अशी, की बाई माहेरी आली की आधी गळाभेट आणि गळ्यात पडून रडणं, आणि ते रडणंही गाण्यात. पहिली ओळ घरच्या बाईची:

कोण आलं माझ्या दारी, धुळीनं पाऊल भरलं

दुसरी ओळ येणारीची. तिचं जे दुःख असेल ते तिनं त्यात घालायचं. मागच्या खेपेला कोकिळानं मेलेली म्हैस घातली होती:

काय सांगू भावजई, दावणीले दावं उरलं

रडून झाल्यावर दोघी त्या म्हशीच्या खोड्या आठवून हसल्या होत्या. या खेपेला त्या ओळीत तिला लेक घालायची होती. तीन महिने, परक्या लोकांत, उसाच्या पाचटात, तिनं ती ओळ छातीत दाबून आणली होती. माहेरच्या गळ्याशिवाय ती कुठं सोडायची?

धावजी उठला. दोन्ही हात पुढं गेले, आणि मग त्यानं एक बोट ओठांवर ठेवलं.

"बाई, थोडं थांब. पोरीचा पेपर हाय. आवाज गेला तर बंद पडते."

कोकिळानं डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं. मग हळूच म्हणाली, "किती वेळ?"

"झालाच. अर्धा तास."

ती कडुनिंबाच्या ओट्यावर बसली. ओढणीचा पदर तिनं तोंडात कोंबला.

पोत्यांच्या खोलीला हातभर खिडकी होती. राखीची नजर एकदाच तिकडं गेली. ओट्यावर वाकलेली पाठ, आणि ती पाठ हलत होती, आवाजाशिवाय. राखीनं ओळखलं. उठली तर परीक्षा बंद. नजर फार वेळ वळली तरी बंद. पडद्यावर चौतीस मिनिटं उरली होती आणि पुढचा प्रश्न आला होता.

अभ्यासाच्या वेळी घरी पाहुणे आल्यास तुम्ही काय कराल?

चार पर्याय होते. बरोबर उत्तर तिला पाठ होतं. तिनं तिसऱ्यावर बोट ठेवलं: त्यांना नम्रपणे थांबण्याची विनंती करेन. मग पुढचा, मग पुढचा. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात उचलावा की नाही, हेही तिला कळेना. धड्यात ते नव्हतं.

बाराला पडदा हिरवा झाला. उत्तीर्ण, शंभरात ब्याऐंशी. अभ्यासासाठी पहाटेपासून मुका ठेवलेला फोन मोकळा झाला तसे त्यावर तीन न उचललेले कॉल दिसले, तिन्ही फुफीचे, सकाळचे.

ती धावत बाहेर आली. "झाला," एवढंच म्हणाली, आणि सगळ्या तांड्याचा श्वास सुटला. कुत्री भुंकली, चक्की लागली. हंसाबाई कडुनिंबाकडं पळाली, नणंदेला मिठीत घेतलं आणि फाटल्या गळ्यानं पहिली ओळ उचलली.

ओळ हवेत थांबली. हंसाबाईनं ती परत म्हटली. गोळा झालेल्या बायांनी पदर डोळ्यांपाशी नेले.

कोकिळा मिठीत तशीच उभी होती, लाकडासारखी. तिनं पदर तोंडातून काढला, तो ओला झाला होता, एका जागी फाटलाही होता.

"पास झाली ना पोर?" तिनं विचारलं.

"झाली, बाई."

"चांगलं झालं." ती लोटाभर पाणी प्यायली. जेवलीही. चारच्या जीपला निघते म्हणाली. धावजीनं, हंसाबाईनं, खेमसिंगानंही थांबवून पाहिलं. ती कोणावर रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

फाट्यापर्यंत राखी सोबत गेली. दोघी जीपची वाट बघत उभ्या राहिल्या. लांबून धूळ दिसली तशी राखीनं फुफीच्या गळ्यात हात टाकले आणि तिला तसं गाता येत नव्हतं तरी ती ओळ धरली, कोण आलं माझ्या दारी.

कोकिळानं दचकून इकडंतिकडं बघितलं आणि तळहात अलगद तिच्या तोंडावर ठेवला.

"हळू, बाई," ती म्हणाली. "कोणाचा पेपर चालू असन."