डोमाजींची तार

"काका, चालू लाइनवरच करून राह्यले काय?" ग्रंथालयातून निकिताने फोनवर विचारलं.

"मंग काय. विमलताईच्या खिडकीपुढं पोट्टे उभे हायेत अ‍ॅडमिशनले, त्यायचे अर्ज तुह्याकडूनच इकडं छापाले येतेत. बंद केलं तं मलेच धरतीन."

सदाशिवराव उमरखेडच्या त्या कॉलेजात नेटवर्क सांभाळत. कार्यालयातला स्विच, म्हणजे संगणकांच्या तारा जोडायची पेटी, आणि ग्रंथालयातला स्विच यांच्यामध्ये इतकी वर्षं एकच तार होती. ग्रंथालयात नवे संगणक आले आणि त्या बिचारीचा जीव मेटाकुटीला आला. प्राचार्यांनी नवी तार टाकून दिली आणि जुनी काढून फेका म्हणाले. सदाशिवराव सहसा कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण त्या दिवशी अडून बसले.

"काढाले कायले लागते सर? दोन्ही जोडून एक करतो. रस्ता रुंद होईन."

"आज जोडून दाखवा. जुनी नीट चालली तर राहू द्या," प्राचार्य म्हणाले. "अडकली तर मात्र संध्याकाळपर्यंत काढायची."

ती जुनी तार डोमाजींनी टाकली होती. डोमाजी कॉलेजचे शिपाई, ढाणकीहून रोज एसटीने यायचे. त्यांनी भर उन्हात सब्बल घेऊन मैदानात नाली खोदली, पाइप पुरला, आणि मग ते नि सदाशिवराव मिळून त्यातून तार ओढत बसले. दोघांच्या खिशात फोन होते. पण डोमाजींना फोनवर बोलल्यासारखं वाटायचंच नाही. सदाशिवराव इकडे तार खोचून व्हरांड्यात यायचे आणि ओरडायचे, "आलं काय, डोमाजी?" तिकडून ग्रंथालयाच्या दारातून खणखणीत उत्तर यायचं, "आलं भाऊ, आलं!" पुढे काहीही बिघडलं की हाच कार्यक्रम. विमलताई वैतागायच्या. "बाजार भरवला काय तुम्ही दोघांनी?" म्हणायच्या.

एकदा डोमाजींनी भलताच पराक्रम केला. जुन्या तारेसोबत पाइपात एक जास्तीची तार पडून होती. ग्रंथालयातलं काम संथ चालतं असं पाहून त्यांनी तीही दोन्हीकडे खोचून टाकली. दोन्ही स्विच एकमेकांचंच बोलणं एकमेकांना पुन्हा पुन्हा ऐकवत सुटले आणि अख्खं कॉलेज ठप्प झालं. सदाशिवरावांनी ती तार उपटली तेव्हा कुठे कामं सुरू झाली.

"भाऊ, एका तारेनं एवढं जाते, तं दोनीनं डबल नाही जाणार काय?" डोमाजी कसनुसे होऊन म्हणाले होते. ती तार पुढे उंदरांनी खाल्ली, पण त्यावरून सदाशिवरावांनी त्यांना कितीदा चिडवलं त्याला गणती नाही. आता त्याचं वाईट वाटे. माणसाचं म्हणणं बरोबरच होतं. या दोन तारा म्हणजे एकच रस्ता, हे दोन्ही स्विचना आधी सांगायचं तेवढं राहून गेलं होतं. गेल्या उन्हाळ्यात डोमाजी गेले. त्यांना ते सांगायचंही राहूनच गेलं.

सदाशिवरावांनी कार्यालयात बसून आधी दूरच्या, ग्रंथालयातल्या स्विचला ते सांगितलं, मग जवळच्या. उलट केलं असतं तर मधली वाट तुटून दूरचा हाताबाहेर गेला असता. मग नवी तार खोचली. दिवा आधी नारिंगी लागला आणि मग हिरवा झाला. खिडकीत विमलताई नावं पुकारतच होत्या.

आता खरी परीक्षा होती. एकेक तार उपटून बघायची. त्यांनी नवी काढली. सगळा भार डोमाजींच्या तारेवर आला.

"निकिता, चालू हाय काय?"

"हो काका. थोडं हळू, पण चालू हाय."

तार टिकली. त्यांनी नवी परत खोचली आणि जुनीला हात घातला. हात जरा रेंगाळला. मग त्यांनी ती काढली.

काहीच झालं नाही. अर्जांची छपाई चालू राहिली, पुढची मुलगी खिडकीशी सरकली, निकिताने फोनवर नुसता अंगठा पाठवला. जोडणी नीट झाली याची हीच खूण होती. सदाशिवरावांना तेच तर हवं होतं. तरीही ती तार हातात धरून ते बसून राहिले. एखादं पान तरी अडायला हवं होतं, असं त्यांना वाटून गेलं.

त्यांनी तार जागेवर खोचली. टक् असा आवाज झाला, दिवा लागला. ते उठून व्हरांड्यात आले. मैदानापलीकडे ग्रंथालयाचं दार उघडं होतं आणि दारात कुणी नव्हतं.

"आलं काय, डोमाजी?"

तोंडातून निघून गेलं. रांगेतली मुलं वळून बघायला लागली. सदाशिवराव ओशाळून आत वळणार, तेवढ्यात खिडकीतून, कागदावरची मान वर न करता, विमलताई म्हणाल्या, "आलं भाऊ, आलं."

आणि त्यांनी पुढचं नाव पुकारलं.